पाण्याकाठचे घर : रंकाळा की नागाळा पार्क?

कोल्हापूरला समुद्र नाही; तरीही या शहराला 'चौपाटी' आहे. रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची, भेळेच्या गाड्यांभोवती जमणाऱ्यांची गर्दी पाहिली, की हे नाव का रूढ झाले ते कळते. शहराच्या पश्चिम आणि उत्तर अंगाने पंचगंगा वाहते. त्यामुळे मुंबईकराला समुद्राकाठच्या घराची जी ओढ असते, तीच ओढ कोल्हापूरकराला तळ्याकाठच्या किंवा नदीकडच्या वस्तीची असते.

घर घेऊ पाहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या चर्चेत अशी दोन नावे हमखास येतात : रंकाळा परिसर आणि नागाळा पार्क. एक जुन्या गावाला लागून, मोकळ्या पाण्याच्या काठी. दुसरी सरकारी कचेऱ्या, बंगले आणि झाडी यांची प्रतिष्ठित वस्ती. दोन्हींचे चाहते आपापल्या वस्तीची बाजू हिरिरीने मांडतात. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांच्या महापुरांनंतर ही तुलना केवळ हवा, शेजार आणि प्रतिष्ठा यांवर करून भागत नाही. घर कोणत्या वस्तीत आहे, याच्याइतकेच ते किती उंचीवर आहे, हेही महत्त्वाचे ठरले आहे.

तळे आणि नदी

दोन्ही वस्त्या पाण्याजवळ असल्या तरी त्यांचे पाणी एका स्वभावाचे नाही. रंकाळा हे बांधलेल्या काठांचे तळे आहे. पूर्वी येथे दगडाची खाण होती आणि भूकंपानंतर तेथे पाणी साठले, अशी आख्यायिका सांगितली जाते. संध्यामठ, पद्माराजे उद्यान आणि १९३०च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस ही या तळ्याभोवतीची परिचित ठिकाणे. तळे नदीपेक्षा उंचावर आहे. ते भरले की जादा पाणी दुधाळीच्या बाजूने पंचगंगेकडे उतरते.

पंचगंगेची गोष्ट निराळी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, तसेच गुप्त मानली जाणारी सरस्वती, यांच्या संगमातून ती घडते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या नद्यांचे उगम सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात आहेत. तेथे चार-पाच दिवस मुसळधार पाऊस झाला आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की शहरात पाऊस बेताचा असतानाही पंचगंगा पात्राबाहेर पडू शकते. कृष्णेलाही त्याच वेळी पूर असेल, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि पूर उतरायला दिवस लागतात.

नागाळा पार्क नदीच्या थेट काठावर वसलेले नाही. कळंब्याकडून येणारा जयंती नाला शहराच्या मधून वाहत पंचगंगेला मिळतो. नदी फुगली, की नाल्याचे पाणी नदीत जाण्याऐवजी उलटे फिरते आणि सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर असे करत शहराच्या पोटात शिरते. नदी प्रत्यक्ष दिसत नसलेल्या गल्ल्यांत पाणी येते ते या फुगीमुळे. 'नदी तर लांब आहे' हे विक्रेत्याचे म्हणणे म्हणूनच पुरेसे नसते. नाला किती लांब आहे, हेही विचारावे लागते.

थोडक्यात, तळ्याचा त्रास रोजचा आणि थोडा, तर नदीचा त्रास क्वचित आणि मोठा. या दोन्हींपैकी कोणता त्रास सोसण्याची आपली तयारी आहे, हे ठरवूनच घराचा शोध सुरू करावा.

रंकाळ्याचा काठ

रंकाळ्याचे पहिले आकर्षण म्हणजे मोकळी हवा आणि चालण्याची सोय. सकाळी फिरणारे ज्येष्ठ नागरिक, व्यायाम करणारे तरुण आणि संध्याकाळी मुलांना घेऊन येणारी कुटुंबे यांमुळे काठ दिवसभर जागा असतो. ताराबाई रस्त्याने अंबाबाईचे देऊळ आणि महाद्वार रोडची बाजारपेठ चालत जाण्याच्या अंतरावर येते. भाजी, किराणा, दवाखाना आणि शाळा यांसाठी वाहन काढावे लागत नाही. राधानगरी आणि गगनबावड्याकडे जाणाऱ्यांना रंकाळा बसस्थानक जवळ पडते. कोकणात गाव असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

उणिवाही डोळ्यांसमोर आहेत. भोवतालच्या वसाहतींचे सांडपाणी नाल्यांवाटे तळ्यात मिसळण्याचा प्रश्न जुना आहे. त्यामुळे केंदाळ वाढणे, पाण्यावर हिरवा तवंग येणे आणि दुर्गंधी सुटणे असे प्रकार वेळोवेळी घडले आहेत. तळ्याकडे तोंड असलेल्या सदनिकेची खिडकी उन्हाळ्यात उघडी ठेवता येते का, हे एप्रिल-मे महिन्यात प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. डास, पावसाळ्यातली ओल आणि सुटीच्या दिवशी चौपाटीवर होणारी वाहनांची कोंडी यांचाही विचार करावा लागतो. नवरात्रात देवळाकडे येणाऱ्या भाविकांमुळे जुन्या गावाचे रस्ते गजबजतात. पेठांतील जुन्या इमारतींत वाहन लावायला जागा नसते आणि अनेक ठिकाणी उद्वाहनही नसते.

येथे एक सावधगिरी महत्त्वाची आहे. जाहिरातीतील 'रंकाळा परिसर' हा शब्द फार ऐसपैस असतो. तळ्याच्या दक्षिणेला राधानगरी रस्ता आणि साने गुरुजी वसाहत, वायव्येला गगनबावडा रस्त्यावरील फुलेवाडी, तर उत्तरेला दुधाळी, उत्तरेश्वर पेठ आणि शुक्रवार पेठ असा भाग येतो. यांतील उत्तरेचा भाग उताराचा आहे. दुधाळी आणि शुक्रवार पेठेच्या सखल भागांत मोठ्या पुराचे पाणी शिरलेले आहे. एकाच पत्त्याच्या दोन टोकांना दोन वेगळ्या जोखमी असू शकतात. फुलेवाडी आणि साने गुरुजी वसाहतीच्या पुढे वाढलेल्या वस्तीत घर किंवा भूखंड घेताना तो गुंठेवारीचा आहे का, आणि असल्यास २००१च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमित झाला आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते.

नागाळा पार्क

नागाळा पार्काची प्रतिष्ठा संस्थानकाळाशी जोडलेली आहे. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला नवा राजवाडा येथून जवळ आहे. जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद याच भागात असल्याने रस्ते रुंद राहिले आणि झाडी टिकली. महावीर उद्यान, महाविद्यालये आणि खासगी रुग्णालये हाताशी आहेत. रेल्वे स्थानक, मध्यवर्ती बसस्थानक आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग या बाजूने सोयीचे पडतात. मुले बाहेरगावी शिकत असतील किंवा नोकरीसाठी वारंवार पुण्या-मुंबईला जावे लागत असेल, तर हा फरक दर आठवड्याला जाणवतो.

१८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच भाऊसिंगजी रस्त्यावरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या ६ जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार त्यामुळे येथे येऊ लागले आहेत. कचेरी आणि भाड्याची घरे यांची गरज या भागाभोवती वाढणे स्वाभाविक आहे. घर गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला ही जमेची बाजू वाटेल. शांतता हवी असणाऱ्याने मात्र समोरच्या इमारतीचे व्यावसायिक रूपांतर होईल का, याचाही अंदाज घ्यावा.

या सर्व सुखसोयींच्या विरुद्ध पारड्यात पूर येतो. २०१९ आणि २०२१ मध्ये नागाळा पार्काचा काही भाग, रमणमळा, महावीर महाविद्यालय आणि खानविलकर पेट्रोल पंपाचा परिसर येथे पाणी आले. तळमजल्यावरील फर्निचर, पुस्तके, फ्रीज आणि वाहनतळातील गाड्या निकामी झाल्या. याच पुरांत शाहूपुरी आणि बापट कॅम्प येथील कुंभारांच्या गणेशमूर्ती भिजून वर्षाची कमाई गेली. पूर गरीब-श्रीमंत वस्ती पाहत नाही, तो केवळ पातळी पाहतो. नागाळा पार्कातही उंचावरच्या गल्ल्या कोरड्या राहिल्या आणि काही अंतरावरील बंगल्यांत पाणी शिरले, असे घडले आहे. त्यामुळे 'नागाळा पार्क बुडते' हे जितके अर्धसत्य, तितकेच 'नागाळा पार्कात पाणी येत नाही' हेही अर्धसत्य.

पुराचा हिशेब

कोल्हापुरात पुराची भाषा फुटांत बोलली जाते. कसबा बावड्याजवळील राजाराम बंधाऱ्यावरची पातळी हे त्याचे माप. तेथे ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तर जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. म्हणजे धोका पातळीच्याही वर सुमारे १३ फूट, साधारण ४ मीटर. जुलै २०२४ मध्येही पाणी ४७ फुटांच्या पुढे गेले होते.

घर पाहायला जाणाऱ्याने शेजाऱ्यांना 'येथे पूर येतो का?' असे मोघम विचारू नये. 'बंधाऱ्यावर किती फूट असताना या दारात पाणी येते?' असा नेमका प्रश्न करावा. बहुतेक जुन्या रहिवाशांना हा आकडा तोंडपाठ असतो. उत्तर ४५ फूट असेल, तर ते घर मोठ्या पुरातच नव्हे, मध्यम पुरातही सोडावे लागणार. उत्तर ५५ असेल, तर धोका दुर्मीळ, पण खरा. २०२१ मध्येही पाणी आले नाही असे उत्तर एकाहून अधिक घरांतून मिळाले, तर ती जागा नोंदीतील मोठे पूर झेललेली समजावी.

जलसंपदा विभागाने आखलेल्या पूररेषांचा अर्थही नीट समजून घ्यावा. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा ती लाल रेषा. '१०० वर्षांतून एकदा' म्हणजे आता पुढची १०० वर्षे निर्धास्त, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता १ टक्का, असा त्याचा अर्थ. २० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी हाच हिशेब सुमारे ५६ टक्क्यांवर जातो. म्हणजे कर्ज फिटण्यापूर्वी घरात पाणी येण्याचीच शक्यता अधिक.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आहे. तेथे उद्यान, वाहनतळ अशा मोजक्या वापरांना मुभा असते. निळी आणि लाल रेषा यांच्यामधील क्षेत्र नियंत्रित असते. तेथे बांधकाम करायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच ठेवावे लागते. मात्र या नियमापूर्वी बांधलेल्या इमारती त्यांच्या जुन्या उंचीवरच उभ्या आहेत. पुनर्विक्रीच्या सदनिकेत परवाना कायदेशीर असू शकतो आणि पाणीही येऊ शकते, हे विसरू नये.

पाणी दारात आले नाही तरी

पहिल्या मजल्यावर घर घेतले, की प्रश्न मिटला असे मानले जाते. प्रत्यक्षात खाली पाणी आले की वीज बंद होते, उद्वाहन थांबते, पाण्याचा पंप बंद पडतो आणि सांडपाण्याच्या वाहिन्या उलट्या वाहू लागतात. घरात वृद्ध, रुग्ण किंवा लहान मूल असेल, तर कोरड्या सदनिकेतूनही बोटीने बाहेर पडावे लागते. त्यामुळे मीटर, जनित्र आणि पंप कोणत्या उंचीवर बसवले आहेत, हे सदनिकेच्या रंगरंगोटीपेक्षा अधिक काळजीने पाहावे.

काही त्रास दोन्ही वस्त्यांना सारखेच आहेत. शिंगणापूर, बालिंगा आणि नागदेववाडी येथील पाणी उपसा केंद्रे पुरात बुडाल्याने २०१९ आणि २०२१ मध्ये शहराचा नळपाणीपुरवठा कित्येक दिवस बंद होता. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने आणलेले पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोहोचले आणि नदीवरील अवलंबित्व कमी झाले. तरीही आपल्या इमारतीला कोणत्या योजनेचे पाणी येते, विंधन विहीर आहे का आणि जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी शिरू शकते का, या ३ गोष्टी विचाराव्यात. त्याच दोन पुरांत शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. ज्यांना डायलिसिससारखे नियमित उपचार घ्यावे लागतात, त्यांनी रुग्णालय नदी-नाल्याच्या आपल्याच बाजूला आहे का, हे पाहून घ्यावे.

कागद आणि पाहणी

व्यवहार ठरवण्यापूर्वी पुढील गोष्टींची खातरजमा करावी.

महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. त्यावर भूखंड, नाला आणि पूररेषा एकत्र पाहाव्यात. ती पूररेषा केव्हा आखली आणि तीत २०१९ व २०२१च्या पुरांचा विचार आहे का, हे विचारावे.

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्यावी. वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल करून घ्यावा. बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र एकमेकांशी ताडून पाहावे. चालू प्रकल्प असल्यास त्याची महारेरा नोंदणी तपासावी.

तळमजला किंवा बंगला घ्यायचा असेल, तर खासगी भूमापकाकडून जोत्याची पातळी मोजून घ्यावी आणि जवळच्या भिंतीवरील २०२१च्या पुराच्या खुणेशी तिची तुलना करावी. या मोजणीचा खर्च घराच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो.

घर दोनदा पाहावे : एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैच्या अखेरीस. रंकाळ्याची परीक्षा उन्हाळ्यात होते, नागाळा पार्काची पावसाळ्यात.

विमा विसरू नये. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे उपलब्ध असलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर आणि जलमय होणे यांपासून संरक्षण आहे. वाहनांसाठी मात्र स्वतंत्र, स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा विमा लागतो. केवळ तृतीय पक्ष विमा येथे उपयोगी पडत नाही.

निवड कोणाची, कोठे?

निवृत्त दांपत्य, चालत देवळाला आणि मंडईला जाणारे घर, पुरात घर सोडून जाण्याची ताकद नसलेले वृद्ध, अशा कुटुंबाला रंकाळ्याच्या दक्षिण आणि पूर्व बाजूचा उंच भाग अधिक मानवेल. तळ्याचा वास आणि रविवारची गर्दी ही त्याची किंमत. ती किंमत दर आठवड्याला मोजावी लागते; पण तिच्यामुळे कोणाला संसार उचलून निवारा केंद्रात जावे लागत नाही.

कचेरी, महाविद्यालय, रेल्वे आणि महामार्ग यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या कुटुंबाला नागाळा पार्क सोयीचे आहे. मात्र २०२१च्या खुणेपेक्षा जोते उंच असेल तरच. खुणेच्या खालचे घर स्वस्त मिळत असेल, तर त्या स्वस्ताईत पुढच्या पुराचा खर्च मिळवून पाहावा : फर्निचर, वायरिंग, रंग, काही आठवडे भाड्याचे घर आणि बुडालेले कामाचे दिवस. ही बेरीज केल्यावर स्वस्त घर अनेकदा महाग ठरते.

जागेचा सरकारी दर विभागानुसार ठरतो, बाजारभाव बहुधा वस्तीच्या नावावर चढतो. या दोन्हींत त्या विशिष्ट जोत्याची उंची क्वचितच धरलेली असते. ग्राहकाने ती स्वतः धरावी. एकाच किमतीची दोन घरे समोर असतील आणि एक ५ फूट उंच असेल, तर दोन्ही घरांची किंमत समान आहे असे मानू नये. रंकाळा असो वा नागाळा पार्क, पत्त्यावरून प्रतिष्ठा कळते; घर कोरडे राहील की नाही, हे मात्र भिंतीवरची पुराची खूण सांगते. बयाणा देण्यापूर्वी ती शोधून पाहिली, तर पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्यावरच्या फुटांचे आकडे ऐकताना रात्र जागून काढावी लागणार नाही.